धावणाऱ्या पायातली गुठळी



निमंत्रण द्यायला आलेल्या कार्यकर्त्यांना मी विषय सांगितला तेव्हा ते जरा घुटमळले. एकानं धीर करून विचारलंच, "डॉक्टर, आमच्याकडे ऐकायला येणारे सगळे पळणारे, पोहणारे, गड चढणारे. गुठळ्याबिठळ्या बसून राहणाऱ्यांना होतात ना?" मी म्हटलं, "म्हणून तर हाच विषय घ्यायचाय."

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर पोरांकडून घाम गाळून घेतला. त्यांच्या स्मृतिदिनी व्यायामाच्या विरोधात बोलणं मला शोभणार नाही आणि मी बोलणारही नाही. नियमित चालणाऱ्या-पळणाऱ्या माणसाला शिरेत गुठळी होण्याची शक्यता एकूणात कमीच असते. माझं म्हणणं एवढंच आहे की, अशा माणसाला गुठळी झालीच, तर ती उशिरा सापडते. तो स्वतः तिच्यावर विश्वास ठेवत नाही, घरचे ठेवत नाहीत, आणि पुष्कळदा आम्ही डॉक्टरही ठेवत नाही.

आधी कुठल्या गुठळीबद्दल बोलतोय ते सांगतो. 'गुठळी' म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो हार्ट अटॅक, मग ब्लॉकेज, अँजिओप्लास्टी, स्टेंट. ते प्रकरण धमन्यांचं, म्हणजे हृदयाकडून बाहेर रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचं. आजची गुठळी होते ती परत येणाऱ्या रक्ताच्या वाटेवर, बहुतेक वेळा पोटरीच्या किंवा मांडीच्या आतल्या खोल शिरेत. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, शीर दाबली जाते आणि रक्त वर सरकतं. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. सायकलच्या पंपातला वायसर जसा हवा एकाच दिशेला जाऊ देतो, तसंच हे. पोटरी हललीच नाही तर झडपांच्या खोबणीत रक्त साचून राहतं, आणि गुठळीची सुरुवात पुष्कळदा तिथंच होते. पायात ती दुखते, सूज आणते. तिचा तुकडा सुटला की तो मोठ्या शिरेनं हृदयाच्या उजव्या बाजूला येतो आणि तिथून फुफ्फुसात जाऊन अडकतो. माणूस दगावतो तो बहुधा या दुसऱ्या टप्प्यावर.

पायातल्या आणि फुफ्फुसातल्या गुठळीचं हे नातं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरानं दाखवून दिलं. (गृहस्थ भलताच होता. 1848 मध्ये सरकारनं त्याला अप्पर सायलेशियात टायफसची साथ पाहायला पाठवलं, तर अहवालात यानं औषधांऐवजी शिक्षण, रस्ते आणि स्वातंत्र्य लिहून दिलं.) 13 ऑक्टोबर हा त्याचा जन्मदिवस आता जागतिक थ्रोम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. गुठळीची जी तीन कारणं त्याच्या नावानं शिकवली जातात, ती आजही तीच आहेत. रक्त संथ होणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणं. तिन्ही एकदम जुळून आली की धोका.

नुसतं बसून राहिल्यानं काय होतं याचा सर्वांत विदारक दाखला 1940 मधल्या लंडनचा आहे. बॉम्बहल्ल्यांच्या रात्री लोक तळघरांत आणि आश्रयस्थानांत डेक-चेअरवर बसून काढायचे. खुर्चीची पुढची कड मांडीखाली रुतलेली, हलायला जागा नाही. फुफ्फुसात गुठळी अडकून काही जणांचे अचानक मृत्यू झाले. किथ सिम्प्सन या न्यायवैद्यक तज्ज्ञानं शवविच्छेदनांवरून हे ओळखलं आणि त्याच वर्षी लिहून प्रसिद्ध केलं. पुढे 1954 मध्ये अमेरिकन सर्जन जॉन होमन्स यांनी विमानप्रवासात आणि नाटक पाहताना लांबलेल्या बैठकीनंतर झालेल्या गुठळ्यांची नोंद केली. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधनातून आकडा हाती आला. चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर गुठळीची शक्यता साधारण दुप्पट होते, आणि निरोगी माणसात ती सहा हजारांत एक एवढी असते. म्हणजे विमानात बसायची भीती बाळगावी असं काही नाही. पण सहा हजारांतला तो एक कोण असेल याचा काही अंदाज बांधता येतो. शिवाय हा धोका केवळ विमानाचा नाही. गाडी, बस, रेल्वे, काहीही चालतं. पाय दुमडलेले आणि तास लांबलेले असले की झालं.

आता आपल्याकडचा जानेवारीतला एक रविवार डोळ्यांसमोर आणा. मुंबई मॅरेथॉन. विदर्भातून आलेला कुणी चाळिशीतला धावपटू मध्यरात्रीनंतर दोनला उठतो, धड झोपलेला नसतो. 42.195 किलोमीटर धावतो. स्नायूंना बारीक बारीक इजा झालेल्या असतात, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, रक्त जरा दाट झालेलं असतं. मेडल, फोटो, मिसळ. सोमवारी ऑफिस गाठायचं म्हणून संध्याकाळी ट्रॅव्हल्सची गाडी पकडतो. रात्रभर लघवीला उठायला नको म्हणून पाणीही पीत नाही, आणि दमलेला असल्यामुळे गुडघे मोडून जो झोपतो तो सकाळी वर्धा आल्यावर जागा होतो. फिर्खोची तिन्ही कारणं एका सीटवर! एरवी निरोगी शरीर हे सगळं पचवतं, कारण व्यायामानं रक्त गोठण्याची क्रिया जशी जागी होते तशी गुठळी विरघळवण्याचीही होते. हा तोल प्रवासात ढळतो का, हे बॉस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंवर तपासलं गेलं आहे. चार तासांहून जास्त विमानप्रवास करून आलेल्यांची तुलना जवळपास राहणाऱ्यांशी केली, तेव्हा विमानानं आलेल्यांच्या रक्तात गोठण्याच्या क्रियेच्या खुणा शर्यतीनंतर अधिक वाढलेल्या दिसल्या. तेव्हा शर्यतीच्या रात्री परतायची घाई करू नये, आणि करावीच लागली तर दर तास-दीड तासानं उठून उभं राहावं. ड्रायव्हरनं जेवायला गाडी थांबवली की झोपून राहू नका, उतरा. बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीनं उचलत राहिलात तरी पोटरी काम करते.

दुसरी जोखमीची वेळ दुखापतीनंतरची. कबड्डीत गुडघा पिळवटला, लिगामेंट तुटलं, पायाला प्लॅस्टर किंवा ब्रेस. काल पन्नास सूर्यनमस्कार घालणारा माणूस आज पलंगावर. शिरेला मार बसलेला असतो, ऑपरेशन झालेलं असतं आणि पोटरी बंद. गुठळी रोखणारी इंजेक्शनं प्रत्येकाला द्यावीत का, यावर नेदरलँड्समध्ये दोन मोठ्या चाचण्या झाल्या. गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर आणि पायाच्या प्लॅस्टरमध्ये सरसकट इंजेक्शन दिल्यानं फारसा फरक पडला नाही, असा त्यांचा निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून तुमचे सर्जन इंजेक्शन लिहून देत नसतील तर तो निष्काळजीपणा समजू नका. पण पूर्वी कधी गुठळी झाली असेल, आई-वडील-भावंडांत कुणाला झाली असेल, कॅन्सर असेल, वजन जास्त असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर तुमचा हिशेब वेगळा. हे सर्जनना आपणहून सांगा. आपल्याकडे केसपेपरवर साखर, बीपी आणि अ‍ॅलर्जी विचारतात. "घरात कुणाला पायात गुठळी झाली होती का?" हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो, कारण यावर व्यासपीठावरून कुणी बोलत नाही. एस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीची शक्यता वाढते, हे बऱ्याच जणींना माहीत असतं. पण आपल्या घरांतून जास्त खपते ती पाळी पुढे ढकलायची गोळी. गौरी-गणपती, घरचं लग्न, सत्यनारायण. आणि अलीकडे ट्रेक, सायकल मोहीम, मॅरेथॉन. मुलगी आदल्या आठवड्यात मेडिकलमध्ये जाते, चिठ्ठी नसते, दुकानदार पाकीट काढून देतो. यात बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. पाळी पुढे ढकलायच्या मात्रेत घेतल्यावर त्याचा काही भाग शरीरात एस्ट्रोजेनमध्ये बदलतो. बहुतेकींना काही होत नाही, हे खरं. पण ज्या मुलीच्या आईला बाळंतपणात गुठळी झाली होती, जिचं वजन जास्त आहे, जी गोळी चालू ठेवून रात्रभराच्या बसनं ट्रेकला जाते आणि तिथं पाय मुरगळून घेते, तिच्या बाबतीत आपण एकावर एक थर चढवत असतो. गोळी घेऊ नका असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना विचारून घ्या. आणि पाळीत देवाचं केलं तर काय बिघडतं, हा प्रश्न माझ्या शाखेचा नाही. पण मला तो पडतो.

हातालाही गुठळी होते, हे ऐकून लोक चकित होतात. गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून हाताची मोठी शीर जाते. हात डोक्यावर नेऊन पुन्हा पुन्हा जोर लावला की ती शीर तिथं घासली जाते. पोहणारे, फेक करणारे, वजन उचलणारे यात येतात. 1875 मध्ये जेम्स पॅजेट आणि 1884 मध्ये लिओपोल्ड फॉन श्रोएटर यांनी हे ओळखलं, म्हणून त्या दोघांचं नाव त्याला आहे. 2019 मध्ये ब्रँडन इन्ग्रम आणि 2025 मध्ये व्हिक्टर वेम्बान्यामा, हे अमेरिकेतले ऐन विशीतले बास्केटबॉलपटू दंडा-खांद्याच्या गुठळीमुळे हंगाम अर्धवट सोडून बसले. हात जड वाटतो, फुगतो, निळसर पडतो, खांद्यावर आणि छातीवर शिरांचं जाळं उठून दिसतं. जिममधली पोरं आरशात बघून खूश होतात, "पंप आलाय." दोन्ही हातांना आला तर पंप. एकाच हाताला आला आणि उतरेना, तर दवाखाना.

उंचीचं एका वाक्यात. फार उंचावर दीर्घकाळ राहिलेल्या जवानांमध्ये गुठळ्यांचं प्रमाण वाढलेलं आपल्या लष्करी डॉक्टरांनी नोंदवलं आहे, तेव्हा लडाखला जाणाऱ्यांनी तंबूत अंथरुणाला खिळून राहू नये आणि पाणी तोडू नये.

आता ओळखायचं कसं. पळणाऱ्याच्या पोटरीला दुखायला हजार कारणं, आणि त्यातली नऊशे नव्व्याण्णव निरुपद्रवी. फरक कशानं कळतो? स्नायू ताणला गेला असेल तर त्याला क्षण असतो. "वळणावर पाय टाकला आणि मागून कुणी फटका मारल्यासारखं झालं." रुग्ण जागा दाखवतो, वेळ सांगतो. गुठळीला असा क्षण नसतो. दुखणं कधीतरी सुरू झालेलं असतं, ठणकत राहतं, उभं राहिलं की वाढतं, आणि नेहमीच्या शेकानं, बर्फानं दोन-तीन दिवसांत जसं उतरायला हवं तसं उतरत नाही. दुसरी खूण म्हणजे एकच पाय. दिवसभर उभं राहून दोन्ही पाय सुजले तर त्याची कारणं वेगळी असतात. एकच पोटरी घट्ट, गरम, लालसर किंवा जांभळट, आणि मोज्याचा वळ त्याच पायावर खोल उमटलेला, हे वाईट. डावा पाय जास्त वेळा सापडतो, कारण डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर ओटीपोटात उजव्या पायाच्या धमनीखाली दबली जाते.

शिलाई मशीनच्या खणातली मोजपट्टी काढा. गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडाला जो उंचवटा लागतो, त्याच्यापासून दहा सेंटिमीटर खाली पेनानं खूण करा. दोन्ही पायांवर. तिथं दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. तीन सेंटिमीटरहून अधिक फरक असेल तर तो आम्ही डॉक्टर गंभीरपणे घेतो. निदानाच्या गुणपद्धतीत त्याला स्वतंत्र गुण आहे. फरक कमी भरला म्हणून गुठळी नाहीच, असं मात्र समजू नका.

आणि चोळू नका. हे मी हात जोडून सांगतो. आपल्याकडे पोटरी दुखली की आई कोमट तेल घेऊन बसते, नाहीतर मालिशवाला बोलावला जातो. कारण कळलेलं नसताना सुजलेल्या एका पायाला जोर लावून मालिश नको.

फुफ्फुसात गुठळी गेली की काय होतं? एकाएकी धाप लागते, खोल श्वास घेतला की छातीत किंवा बरगडीखाली चमकतं, छाती धडधडते, कधी थुंकीतून रक्त पडतं, कधी माणूस चक्कर येऊन कोसळतो. यातलं काहीही झालं की थेट मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी, किंवा 108 ला फोन. स्वतः गाडी चालवत नव्हे. पण धावपटूत हे इतकं नाटकी असेलच असं नाही. त्याच्या फुफ्फुसांची शिल्लकच एवढी असते की लहान गुठळ्या तो आठवडाभर अंगावर काढतो. जिना चढताना दम लागतो, तर "सराव सुटलाय". नेहमीचा पाच किलोमीटरचा वेळ दोन मिनिटांनी मागे पडतो, तर "व्हायरल झालं असेल". इथं नाडीची एक गोम आहे. सराव असलेल्या माणसाची बसल्या जागची नाडी 48-50 असू शकते. गुठळीमुळे ती 88 वर गेली, तर त्याच्यासाठी हे जवळपास दुप्पट झालं. पण तपासणारा डॉक्टर 88 लिहितो आणि त्यापुढे 'नॉर्मल' असंही लिहितो. तुमच्या मनगटावरच्या घड्याळात गेल्या महिन्याचे आकडे असतात, ते डॉक्टरांना दाखवा. त्या घड्याळाचा याहून चांगला उपयोग मला अजून सापडलेला नाही. आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर 97 दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ऑक्सिजन चांगला असूनही फुफ्फुसात गुठळी असू शकते.

सेरेना विल्यम्सची गोष्ट मी थोडी विस्तारानं सांगतो. जुलै 2010 मध्ये विम्बल्डन जिंकल्यावर म्युनिकच्या एका रेस्टॉरंटमध्ये काचेनं तिचा पाय कापला. दोन ऑपरेशनं झाली, आठवडेच्या आठवडे प्लॅस्टर आणि आधाराचा बूट. फेब्रुवारी 2011 मध्ये फुफ्फुसात गुठळ्या निघाल्या. जगातल्या सर्वांत तंदुरुस्त बायकांपैकी एक, वय एकोणतीस. त्यातून उठून त्याच सप्टेंबरात ती यूएस ओपनची अंतिम फेरी खेळली. खरी गोष्ट सहा वर्षांनंतरची. 1 सप्टेंबर 2017 ला तिला सिझेरियन होऊन मुलगी झाली. ऑपरेशनमुळे रक्त गोठू न देणारं औषध बंद ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला श्वास अपुरा पडू लागला. तिनं नर्सला गाठून सांगितलं, की मला सीटी स्कॅन हवा आणि रक्त गोठू न देणारं हेपॅरिन सुरू करा. नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे बाई बरळतेय. मग डॉक्टरांनी पायांची सोनोग्राफी केली. त्यात काही निघालं नाही. सेरेना ऐकेना. शेवटी सीटी झाला, आणि फुफ्फुसात बारीक बारीक गुठळ्या दिसल्या.

यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पायाची सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून फुफ्फुस स्वच्छ असतंच असं नाही. एकदा गुठळी झालेल्याला बाळंतपण आणि ऑपरेशन या पुन्हा जोखमीच्या वेळा असतात. पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिनं "मला बरं वाटत नाही" असं मोघम सांगितलं नाही. काय होतंय, पूर्वी काय झालं होतं आणि कुठली तपासणी हवी, हे तिनं नेमकं सांगितलं. तरीही तिला हट्ट करावा लागला. ती सेरेना विल्यम्स होती. आपल्या तालुक्याच्या गावातल्या बाळंतिणीनं असं म्हटलं तर सासू आधी गप्प करेल. म्हणून सांगतो, कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिल्याच वाक्यात 'गुठळी' हा शब्द उच्चारा. "डावी पोटरी चार दिवस सुजलीय, मार लागलेला नाही, परवा बारा तासांचा प्रवास झालाय, गुठळी असेल का?" डॉक्टरला शिकवल्यासारखं होईल, असा संकोच नको. माझ्यासारख्याला राग आलाच तर पाच मिनिटांत जातो.

तपासण्यांचं थोडक्यात. पायासाठी डॉपलर सोनोग्राफी. ती आता जिल्ह्याच्या गावी सहज होते. डी-डायमर ही रक्ततपासणी कोविडमध्ये घराघरात पोचली आणि तिचा अर्थ मात्र वाटेत हरवला. जोखीम कमी असलेल्या माणसात ती नॉर्मल आली, तर गुठळी नाही असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं. वाढलेली आली म्हणजे गुठळी आहेच, असं नाही. मॅरेथॉननंतर ती आपोआपही वाढते. फुफ्फुसासाठी शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सीटी.

माझं बोलणं संपत आलंय आणि चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातल्या दोन घेतो.

पहिली: "घरी वडिलांच्या हृदयाची एस्पिरिन असते. प्रवासाआधी एक घेतली तर चालेल का?" नाही. एस्पिरिन मुख्यतः धमन्यांतल्या गुठळीसाठी आहे. शिरेतल्या गुठळीवर तिचा भरवसा धरून प्रवासाला निघू नये, आणि पोटात रक्तस्राव व्हायची जोखीम उगाच घेऊ नये. ज्यांची जोखीम खरंच जास्त आहे, त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळं औषध किंवा मापाचे दाबमोजे देतात.

दुसरी चिठ्ठी बिननावाची आहे: "सहा आठवड्यांपूर्वी गुठळी झाली. गोळ्या चालू आहेत. परत पळता येईल का?" येईल, बहुतेकांना येतं. उपचार सुरू झाले की अंथरुणात पडून राहायची जुनी पद्धत आता नाही. चालणं लवकर सुरू करतात, मग हळूहळू वाढवतात. गोळ्या निदान तीन महिने घ्याव्या लागतात. कारण सापडलं नसेल तर अधिक काळ, आणि त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. क्रिस बॉश या बास्केटबॉलपटूला 2015 मध्ये फुफ्फुसात गुठळ्या झाल्या, तो परत आला, 2016 मध्ये पुन्हा झालं आणि त्याचं खेळणं थांबलं. कारण या गोळ्या घेत असताना टक्कर होणारे खेळ चालत नाहीत. तेव्हा कुस्ती, कबड्डी, घाटातली सायकल गोळ्या संपेपर्यंत बंद. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखान्यात. आणि धावपटूंच्या पिशवीत जी दुखण्याची गोळी कायम असते, ती आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, ती या औषधांबरोबर रक्तस्राव वाढवते. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही, पण सभा संपल्यावर मागच्या दाराशी थांबा. कुठली गोळी चालू आहे ते बघू आणि पळायचं कधीपासून ते ठरवू.